पंधरा किलोचा डबा आणि गार हवा

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या घरातून गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा नाहीसा झाला. सौ.ने तो गव्हासाठी घासूनपुसून ठेवला होता. तिचा पहिला संशय भंगारवाल्यावर, दुसरा शेजारच्या काकूंवर (त्यांना कढीपत्ता लावायला डबा हवाच होता). दोघंही निर्दोष होते. डबा आमच्याच गाडीच्या बॉनेटखाली होता आणि तिथे तो मी नेला होता.

तर मंडळी, ही त्या डब्याची हकीकत. खरं म्हणजे हकीकतीपेक्षा हे माझं एक मत आहे. पण नुसतं मत सांगितलं की नातेवाईक दोन ओळींत उठून जातात, म्हणून डब्यापासून सुरुवात करतोय :)

आमची गाडी २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी साधी हॅचबॅक. तीन वर्षांपूर्वी आमचे भाचेराव सुट्टीला आले होते. तेव्हा ते इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे माणसाला सगळं कळतं अशा वयात. बॉनेट उघडून म्हणाले, "मामा, गाडीचा श्वास कोंडतोय." संध्याकाळपर्यंत एअर फिल्टरचा काळा प्लास्टिकचा डबा निघाला आणि तिथे लाल रंगाचा, शंकूच्या आकाराचा, उघडा फिल्टर बसला. रेसच्या गाड्यांना असतो तसला. ॲक्सिलरेटर दाबला की पुढून घुर्रर्र असा आवाज येऊ लागला. खोटं कशाला बोलू, मला तो आवाज आवडला. चाळिशी उलटलेल्या माणसाला दुसरं कोण घुर्रर्र करून साथ देतंय?

नाशिकला या गोष्टींचं वेड तसं जुनंच आहे. इथे मोटर रॅली भरायच्या, धुरळा उडवत गाड्या जायच्या आणि आम्ही पोरं दुसऱ्या दिवशी स्कूटरचे सायलेन्सर काढून बघायचो. भाच्याला मी काय बोलणार?

पहिला उन्हाळा आला आणि गाडी दुपारची मरगळल्यासारखी वागू लागली. सकाळी ठीक. पण दुपारी द्वारका चौकात सिग्नलला दहा मिनिटं अडकलं, एसी चालू असला, की पुढे निघताना गाडी 'नको ना' म्हणायची. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, फिल्टर गरम हवा खातोय. हीट शील्ड लाव. घरी बनवता येतं."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला साधारण नऊ-दहा हजार लिटर हवा लागते. म्हणजे उन्हाळ्यात सोसायटीत पाण्याचा मोठा टँकर येतो ना, तेवढी हवा, एका लिटरमागे! आणि ही हवा जितकी गरम, तितकी विरळ. ३० अंशाची हवा ६० अंशापर्यंत तापली तर तेवढ्याच जागेत ती सुमारे नऊ टक्के कमी मावते. मग प्राणवायू कमी आणि जोरही कमी. शिवाय गरम हवेने पेट्रोल इंजिनात अवेळी ठोका पडण्याची शक्यता वाढते. ते टाळायला गाडीतला कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकतो, त्यानेही गाडी सुस्तावते. म्हणजे फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये काहीतरी आडोसा हवा, हे अगदी बरोबर.

आडोसा कशाचा, हा प्रश्न होता. घराच्या पत्र्याखाली उष्णता अडवायला लावतात तो चंदेरी फोम आमच्या माळ्यावर उरलेला होता. एका बाजूला चकचकीत वर्ख, आतून स्पंज. दिसायला थेट अंतराळयानाचा भाग. कात्रीने कापला, वापरायच्या डिंकाने बॉनेटखाली चिकटवला, वरून टेप मारली. वेळ पंचवीस मिनिटं, खर्च शून्य. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. एकवीस जणांनी अंगठे दाखवले. पुण्याच्या मावशीने लिहिलं, "आपल्याकडे जुगाड म्हणजे जुगाडच!"

चारच दिवसांनी आम्ही वणीला गेलो. चैत्रातली यात्रा उलटून गेली होती. गर्दी ओसरली की आईची देवीला ओटी असते, तो आमचा दरवर्षीचा नेम. दिंडोरी, वणी करत नांदुरीपर्यंत सगळं छान. पुढे सप्तशृंगगडाचा घाट सुरू झाला. दुपारचे साडेबारा, दुसरा गिअर, एसी चालू, मागे आई आणि माझी लेक. पाच-सहा वळणं झाली असतील नसतील, तेवढ्यात वास आला. आधी वाटलं पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा असेल. मग लेक म्हणाली, "बाबा, आपल्याच गाडीतून धूर येतोय."

गाडी कडेला घेतली. आईला आणि लेकीला आधी बाहेर काढून लांब उभं केलं. बॉनेट उचललं. डिंक उन्हाने सुटला होता आणि चंदेरी फोमचा एक कोपरा लोंबून एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डवर टेकला होता. तो काळा पडून, वितळून, थेंबाथेंबाने खाली गळत होता. एका काठीने ओढून बाहेर काढला, मातीत दाबला. जाळ झाला नाही. अजून दोन वळणं गेलो असतो तर झाला असता का, ते मला माहीत नाही. त्या दोन वळणांचा विचार मी अजूनही करतो.

आई हातात ओटीचं ताट धरून कठड्याशी उभी होती. म्हणाली, "देवीनेच राखलं रे."

खरंच राखलं. पण देवीला ऐन उन्हात त्या कामाला कोणी लावलं, हे काही मी तिला तेव्हा सांगितलं नाही. ट्रॉलीने वर गेलो, दर्शन घेतलं, गाडी पूर्ण गार झाल्यावर हळूहळू घरी आलो. वाटेत कोणी फारसं बोललं नाही.

रात्री बाबांना सांगितलं. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, निवृत्त होऊन आता वीस वर्षं होतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"तो फोम किती डिग्री सोसतो?"

"माहीत नाही."

"मॅनिफोल्ड किती तापतं?"

"... माहीत नाही."

"मग चिकटवलास कशाच्या भरवशावर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकवीस अंगठ्यांच्या भरवशावर, असं म्हणायची सोय नव्हती. (नंतर पाहिलं. असला फोम शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास मान टाकतो. घाटात मॅनिफोल्ड काही शे अंशांवर जातं.)

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे जुगाड या शब्दाचं फार कौतुक होतं. मोटरसायकलचं इंजिन लावून नांगर, कुकरच्या शिट्टीपासून कॉफी मशीन, वगैरे. त्यातलं बरंच कौतुक रास्त आहे, गरजेने माणसाचं डोकं चालतंच. पण त्या कौतुकात एक गोष्ट नेहमी सुटते. गरजेपोटी जुगाड करणारा शेतकरी तो स्वतः रोज वापरतो, मोडला की दुरुस्त करतो, पुन्हा वापरतो. दहा वेळा फसून मग तो यंत्राला हात घालतो. आम्ही शहरातले हौशी लोक पहिल्याच खेपेला फोटो काढतो. काम झालं की नाही हे बघायच्या आधी ते झालं असं जाहीर करतो. आणि त्या गाडीत आपल्या आईला बसवतो. याला जुगाड म्हणू नये. हा निष्काळजीपणाच आहे, फक्त आपण त्याला लाडाचं नाव दिलंय.

आणि हे नाशिकमध्ये राहून करावं, याची मला जास्त लाज वाटली. हे गाव मोजणाऱ्यांचं आहे हो! ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे, तिथे मिग बांधली, मग सुखोई बांधली. सातपूरला डिझेल इंजिनाचे नोझल बनतात, त्यांत सुई आणि तिचं घर यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची. आपला केस सत्तर-ऐंशी मायक्रॉनचा असतो, म्हणजे बघा. अंबड-सातपूरच्या गाळ्या-गाळ्यांत माणसं दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर घेऊन उभी असतात. त्यांच्यातल्याच एकाच्या घरात वाढून मी टेप मारून मोकळा झालो होतो.

पुढच्या रविवारी बाबा म्हणाले, "चल, नीट करू." तो डबा गायब झाला तो याच रविवारी.

बाबांची हत्यारं खाटेखालच्या लोखंडी पेटीत असतात. पत्रा कापायची कात्री, कानशी, लाकडी मोगरी, गुण्या, पंच, स्टीलची पट्टी. सगळ्यांना तेलाचा हात फिरवलेला. फक्त बाबांच्या डोळ्यांचं आता पहिल्यासारखं राहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी पट्टीवरच्या बारीक रेघा दिसत नाहीत. म्हणून ठरलं असं की, मोजायचं मी, तपासायचं त्यांनी.

पहिल्या रविवारी आम्ही पत्र्याला हातच लावला नाही. आधी बॅटरीची मायनसची वायर काढायला लावली. पत्र्याचा तुकडा प्लसच्या टर्मिनलला आणि गाडीच्या अंगाला एकदम टेकला तर काय होतं, ते त्यांनी पूर्वी एकदा पाहिलं होतं. मग पुठ्ठ्याचा फर्मा. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापायचा, जागेवर धरून बघायचा, कुठे अडतो तिथे खूण करायची, पुन्हा कापायचा. असे चार फर्मे झाले. बॉनेट बंद केल्यावर वर किती जागा उरते हे दिसत नाही, म्हणून बाबांनी घरातून कणीक मागवली! कणकेचे लिंबाएवढे गोळे प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून फर्म्याच्या कडेवर ठेवले, बॉनेट अलगद लावलं, उघडलं. गोळा जितका चेपला तितकी जागा. सौ. दारातून बघत होती. आधी डबा, आता कणीक. तिने काही विचारलं नाही.

दुसऱ्या रविवारी पत्रा. डबा सोड्याच्या गरम पाण्याने तीनदा धुतला. (तरी पहिल्या फेरीत बॉनेटखालून भजी तळल्यासारखा वास आलाच.) डब्याची आतली बाजू चकचकीत असते, ती इंजिनाकडे करायची. चकचकीत पृष्ठभाग उष्णतेचे किरण परत फेकतो आणि स्वतःही कमी सोडतो, हे त्यामागचं कारण. मी तो मॅनिफोल्डच्या अगदी जवळून नेणार होतो. बाबा म्हणाले, "या पत्र्यावर कल्हई आहे हे विसरू नकोस." खरंच की. डब्याचा पत्रा लोखंडाचा, वर कथलाचा पातळ मुलामा. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून तर आपले कल्हईवाले साध्या भात्यावर पातेली कल्हई करून द्यायचे. जुन्या नाशकात तांबट लेनच्या आसपास वाढलेल्या माणसाला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. आडोसा वीतभर लांब सरकवला.

एकाऐवजी दोन पत्रे, मध्ये अर्ध्या इंचाची मोकळी हवा. साचलेली हवा उष्णता फार हळू पुढे देते. दोन्ही पत्र्यांच्या कडा मुडपून दुहेरी केल्या, वरच्या कडेला रबराची पट्टी बसवली, म्हणजे बॉनेटला ती टेकून बसेल आणि पत्रा खुळखुळणार नाही. गाडीला नवीन भोक एकही पाडायचं नाही, अशी बाबांची अट. आधीच्या काळ्या डब्याचे दोन बोल्ट होते तिथेच बसवला. शेवटी त्यांनी अंगठा कडेवरून हळू फिरवला आणि एका जागी थांबले. "इथे बर आहे." मला डोळ्यांनी दिसेना, पण भिंगातून पाहिलं तर होता, केसाएवढा. शेजारून वायरिंगचा जुडगा जात होता. गाडीच्या हादऱ्याने वर्षभरात त्या बरने एखादी वायर सोलली असती. कानस मारली.

सुंदर दिसत होता हो आडोसा! माझा हात खिशाकडे गेला. बाबा म्हणाले, "फोटो नंतर. आधी मोज."

तिसरा रविवार मोजण्याचा. मत्स्यालयात वापरतात तसा वायरवाला डिजिटल थर्मामीटर आणला. त्याचं टोक फिल्टरच्या बाहेर, आत ओढलं जाणार नाही असं पक्कं बांधलं आणि वायर खिडकीतून आत घेतली. दुपारी दोन वाजता गंगापूर रोडवरून गिरणाऱ्यापर्यंत जायचं, परत यायचं आणि आल्यावर एसी चालू ठेवून दहा मिनिटं उभं राहायचं. एकदा आडोसा लावून, एकदा काढून. सावलीत त्या दिवशी ३८ अंश होते. बाबा शेजारी बसून माझ्या लेकीच्या जुन्या वहीत आकडे लिहीत होते, मोठ्या अक्षरात.

आडोसा नसताना: चालत्या गाडीत ४७, उभ्या गाडीत ६४.

आडोसा असताना: चालत्या गाडीत ४३, उभ्या गाडीत ५८.

मी खूश झालो. सहा अंश! बाबा वहीकडे बघत राहिले. म्हणाले, "बाहेर ३८ आहे ना? मग हे ५८ कसलं कौतुक?"

मग आम्ही दोघं बॉनेट उघडून बराच वेळ उभे राहिलो. उत्तर समोरच होतं. उन्हाळ्यात एसटी स्टँडवर पत्र्याच्या शेडखाली उभं राहून बघा. डोक्यावर सावली असते, पण गारवा असतो का? ऊन अडतं, पण झळ चारही बाजूंनी येतच राहते. आमच्या आडोशाने इंजिनाची थेट धग अडवली होती. पण रेडिएटरचा पंखा पुढची सगळी गरम हवा मागे बॉनेटखाली लोटत होता आणि आमचा फिल्टर तीच हवा पीत होता. नुसत्या भिंतीने भागत नाही, गार हवेला यायला दारही लागतं. हीट शील्ड म्हणून जे विकलं जातं किंवा घरी बनवलं जातं, त्यात हे दार बहुतेक वेळा नसतं. भिंत दिसते, तिचा फोटो निघतो. दार फारसं दिसत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून गमतीची. आडोशाचा जास्त फायदा उभ्या गाडीत दिसला. पण उभ्या गाडीत जोर हवा असतो कोणाला? जिथे पूर्ण दाबावा लागतो, त्या चढावर आणि ओव्हरटेकला, फरक थोडाच. आणि मायलेज? महिनाभर टाकी भरभरून पाहिली. तसूभर फरक नाही. त्याचंही कारण आहे. शांतपणे चालवताना आपण इंजिनाला श्वास मुळात अर्धाच घेऊ देतो, हवा विरळ असली तर पायाने थोडं जास्त दाबतो, काम तेच होतं. बाबा तर म्हणाले, पूर्वीच्या कार्बोरेटरच्या कित्येक गाड्यांत फिल्टरला उन्हाळा-हिवाळा असे दोन कप्पे असायचे. थंडीत मुद्दाम एक्झॉस्टजवळची ऊबदार हवा आत घ्यायची, नाहीतर पेट्रोलची नीट वाफ होत नसे. निफाडला थंडीत पारा दोन-तीन अंशांवर येतो आणि बागाईतदार द्राक्षं वाचवायला रात्री शेकोट्या पेटवतात, तशा पहाटे ती सोय कामाला येत असणार. म्हणजे गार हवा नेहमीच चांगली, हेही अर्धंच खरं.

मग दार कुठून आणायचं? बाबांनी विचारलं, "मूळ डबा कुठाय?"

मूळ डबा भाचेरावांनी भंगारात दिला होता. एके काळी अशी वस्तू शोधायला अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगार बाजारात जायचं, हे प्रत्येक नाशिककराला माहीत होतं. २०१७ मध्ये महापालिकेने तो बाजार हटवला. तरी विचारत विचारत एका दुकानात आमच्या मॉडेलचा डबा मिळाला, साडेआठशे रुपयांना, धुळीने भरलेला. घरी आणून धुतला आणि पहिल्यांदाच नीट हातात घेऊन पाहिला.

पाहिला आणि गप्प झालो. प्लास्टिक, म्हणजे उष्णता हळू आत घेणारं. सगळीकडून बंद, वरच्या झाकणाला रबराची कडा. हवेचा रस्ता एका लांब सोंडेतून, सोंडेचं तोंड थेट पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या वर, जिथे बाहेरची ताजी हवा लागते. तळाला पाणी निथळायला बारीक भोक. बाजूला एक पोकळ फुगवटा, हवेचा आवाज दाबायला. जो आवाज मला आवडायचा तोच कोणीतरी विचारपूर्वक काढून टाकला होता. आम्ही तीन रविवार घालून जे बनवत होतो, ते गाडीत आधीपासूनच होतं. भिंतही होती आणि दारही होतं. आम्ही तेच उपटून फेकलं आणि मग त्याच्या अभावावर औषध शोधत बसलो.

मूळ डबा लावून चौथ्या रविवारी मोजलं. योगायोगाने बाहेर ३८च होते. चालत्या गाडीत ४०, उभ्या गाडीत ४७.

आकडे माझ्या गाडीचे आणि माझ्या तीनशे रुपयांच्या थर्मामीटरचे आहेत, त्यावर कोणी प्रबंध लिहू नये. पण ६४ आणि ४७ यांतला फरक म्हणजे हवेत पाचेक टक्क्यांचा फरक. द्वारकेच्या सिग्नलवरून निघताना गाडी जी कुरकुर करायची, ती थांबली.

भाच्याला सगळी वही फोटो काढून पाठवली. मला वाटलं वाद घालेल. तो आता नोकरीला लागलाय. त्याने उत्तर दिलं, "सॉरी मामा. आजोबांना विचार, उघड्या फिल्टरने धूळ किती आत जात होती तेही मोजता येईल का?" पोरगं शिकलंय. मला त्याचा राग कधीच नव्हता. बॉनेट उघडायचं धाडस त्याने केलं म्हणून तर पुढचं सगळं घडलं.

म्हणूनच, घरी काही करू नका, कंपनीला सगळं कळतं, असा अर्थ कृपा करून काढू नका. माझं मत नेमकं उलट आहे. बॉनेट उघडलंच पाहिजे. ज्याने एकदा हाताने पत्रा कापलाय, त्याला काळ्या डब्यातली अक्कल दिसते. मला दहा वर्षं ती दिसली नव्हती. पण उघडताना दोन गोष्टी पाळाव्यात असं वाटतं. जे काढून टाकतोय ते तिथे का होतं, हे कळल्याशिवाय काढू नये. आणि जे लावलं त्याने काय झालं, हे मोजल्याशिवाय कोणाला सांगू नये. आपल्या घरच्यांना त्यात बसवणं तर फारच पुढची गोष्ट.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा आणला, तेव्हा लगेच 'राजा हरिश्चंद्र' काढायला घेतला नाही. आधी कुंडीत एक दाणा पेरला आणि कॅमेरा समोर रोवून त्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपत राहिले. ती इवलीशी फिल्म दाखवली, मग लोकांनी पैसे दिले. घरातला प्रयोगच तो, साधनं तुटपुंजीच. पण कॅमेरा काय करू शकतो हे आधी स्वतः पाहिलं आणि मग जगाला सांगितलं. जुगाड आणि प्रयोग यांतला फरक मला विचाराल तर एवढाच आहे. प्रयोगाला वही लागते.

असो. तेलाच्या डब्याचा तो आडोसा आता गाडीत नाही. बाबांनी तो गॅलरीत खिळ्याला टांगलाय. वही मात्र त्यांनी परत दिली नाही. परवा सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "आपल्या टेरेसवरची पाण्याची टाकी दुपारी किती तापते, कधी मोजलंयस?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "रविवारी रिकामा आहेस ना?"

सौ.ला नवा डबा आणून दिलाय, भरलेला. तो रिकामा व्हायला अजून दोन महिने आहेत. तोपर्यंत ती त्याच्यावर लक्ष ठेवून आहे.

आणि आईला त्या दिवशीचं सगळं खरं खरं सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "यंदा वणीला जाताना आधी तुझ्या बाबांना बॉनेट दाखव, मग मी बसते."